बैराग्याच्या जटा मी कातरल्या

दादा, तू शेवटचं जे मागितलंस ते मी केलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहिताना हात अडखळणार नाही. तू म्हणालास, "तुळशे, बंगल्यावर जा. त्या गणपतला दाखव कसं सुकवायचं ते. जनावराचा काय गुना?" तुझा जबडा तेव्हा निम्मा धरला होता. एकेक शब्द दातांमधून ओढून काढत होतास. अशा माणसाला नाही कसं म्हणायचं, म्हणून मी "हूं" म्हणाले. मग गेलेही. पण दाखवायला गेले नाही.

तुझ्याच हट्टानं मी मामाकडं जुन्नरला राहून मुलींच्या शाळेत तिसरी केली. घोंगड्या विणणाऱ्या संगराच्या पोरीला अक्षरं कशाला, लोकर कातायला लागतात का, असं आई म्हणायची. तू म्हणायचास, लागतील कधीतरी. लागली बघ. आपल्या बेल्ह्यात तुझ्याबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत, पण सगळ्यांचं बोलणं एका शब्दात संपतं. कुत्र्याचा न्हावी. तुझ्या मर्तिकाला आलेले लोकसुद्धा नदीवरून परतताना तेच म्हणत होते. मी ऐकलं. कोण म्हणालं तेही मला ठाऊक आहे.

तुला आठवतो तो जुन्नरचा बाजार? आपण दोघं घोंगड्या घेऊन बसलो होतो. वहिनी जाऊन वर्ष झालं होतं, मीही कपाळ पुसून माहेरी आले होते. समोरच्या लिंबाखाली गणपत बटलर एका काळ्या कुत्र्याला दोन पायांत धरून लोखंडी फणीनं विंचरत होता आणि ते मेंढराएवढं कुत्रं कोकरासारखं ओरडत होतं. बंगल्यावरच्या मडमचं कुत्रं. मडम छातीच्या दुखण्यानं कोरड्या हवेला म्हणून जुन्नरबाहेर बंगला घेऊन राहिली होती, आणि कुत्रं तिनं बोटीतून आणलं होतं. तू उठलास, घोंगडी तशीच टाकलीस.

"अवो बटलर, ठेवा ती फणी. लोकर अशी विंचरत्यात व्हय?"

"लोकर न्हाई ही. कुत्रं हाय मडमचं."

"अंगावर असली तरी लोकर ती लोकरच."

आणि तू मातीत मांडी घालून बसलास. कुत्र्याच्या खांद्यावरचा एक गुंता दोन्ही हातांच्या चिमटीत धरलास, कातडीपर्यंत बोटं नेलीस आणि हळूच फाडलास. एका गुंत्याच्या दोन वाती झाल्या. कुत्रं ओरडायचं थांबलं. मडम टांग्यात बसून बघत होती. तिनं पिशवीतून एक चित्र काढून दाखवलं: तिच्या मुलखात ह्या जातीचे केस विंचरत नाहीत, कापत नाहीत, त्यांच्या जटा जमिनीपर्यंत वळू देतात. तिला तसं हवं होतं आणि करणारं कुणी मिळत नव्हतं. तू चित्राकडं बघितलंस आणि म्हणालास, "व्हईल. तीन वरसं लागतील." गणपतनं ते मडमला तिच्या भाषेत सांगितलं. तू बंगल्यावरच चाकरीला राहिलास, आणि त्या दिवसापासून तुझं बोलणं तिच्यापर्यंत त्याच्याच तोंडून जायला लागलं. तेव्हा आपल्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मडम कुत्र्याला बॅरन म्हणायची. तू बैरागी म्हणायला लागलास, आणि जटा वाढल्यावर सगळं जुन्नर त्याला बैरागीच म्हणायला लागलं.

दर पावसाळ्यात माग ओलाव्यानं बंद पडायचा, तेव्हा आईला शेजारणीवर सोपवून मी महिना दीड महिना तुझ्याकडं बंगल्यावर यायची. पाऊस हाच त्या केसांचा वैरी, आणि त्या दिवसांत तुला दोन हात कमी पडायचे. तिथंच मी शिकले. केस मुळाशी रोज एकमेकांना धरायला बघतात, म्हणून आठ दिवसांतून एकदा सगळं अंग चाचपायचं आणि प्रत्येक जट कातडीपाशी शेजारणीपासून सोडवायची. बोटाएवढीच जाड ठेवायची. फणी नाही, कात्री नाही, नुसती बोटं. फिरायला नेताना जटांच्या जुड्या करून चिंध्यांनी बांधायच्या, नाहीतर कुसळं आत शिरतात आणि कातडीत चालत जातात. जेवताना तोंडावरच्या जटा मागं बांधायच्या. धुवायचं ते रिठ्याच्या कोमट पाण्यात, आणि चोळायचं नाही, नुसतं दाबायचं. चोळलं की लोकर एकमेकींत जमून घट्ट होते, हे आपल्याला घोंगडीनं शिकवलेलंच होतं. मग सहा-सात पाण्यांतून काढायचं, एकेक जट पंच्यात धरून पिळायची, आणि सुकवायचं. सुकवणं सगळ्यांत अवघड. बाजेवर झोपवून, खाली शेगडी, वरून पंख्याचा वारा, ह्या कुशीचं त्या कुशीवर, दोन दिवस. वरून कोरडी लागली तरी जट आतून ओली असते. तू एकेक जट गालाला लावून बघायचास. बोटं फसतात म्हणायचास, गाल फसत नाही.

तुझं ते गालाला लावणं बघून माझं आणि तुझं भांडण व्हायचं. आठवतं ना? मी म्हणायची, "दादा, ह्या मुक्या जिवाच्या अंगावर पाच शेर ओझं कशापायी? डोळ्यांपुढं पडदा, उन्हाळ्यात धापा टाकतंय. भादरून टाक एकदा. मोकळं पळू दे."

"आन मग?"

"मग काय? आपल्या घोंगड्या आपल्याला."

तू हसायचास. "तुळशे, घोंगडी मी म्हैन्यात इनतो आन बाजारात देऊन मोकळा व्हतो. कुणाच्या अंगावर गेली ते बी कळत न्हाई. ह्ये काम माझ्या डोळ्यांम्होरं चालतंय, पळतंय, माझ्याकडं येतंय. असं इनकाम कुना संगराला मिळालंय का?"

मला ते पटलं नाही. आजही पुरतं पटलेलं नाही. पण तुझा चेहरा बघून मी गप्प बसायची.

आणि ती म्हातारी आठव. कुकडीच्या काठानं तू बैराग्याला घेऊन चाललेला, जटा जमिनीवर लोळतायत, आणि समोरून आलेली म्हातारी थबकली. टोपली खाली ठेवली, कुत्र्यापुढं डोकं टेकलं आणि कनवटीचं हळद-कुंकू काढून त्याच्या कपाळावर भरलं. "जट उगवली बाबा, देवाचं हाय." तू तिला ते करू दिलंस. बंगल्यावर येऊन मात्र तासभर कपाळाची ती हळद ओल्या फडक्यानं टिपत बसलास आणि म्हणालास, "द्येव असू दे, पर डाग ऱ्हाईल त्याचं काय?" मी हसून हसून बाजेवरून पडले होते. तुझ्याबरोबर एवढं हसलेलं माझं मलाच आता खरं वाटत नाही.

चौथ्या वर्षी पुण्याला साहेबलोकांच्या कुत्र्यांचा मेळा भरला तेव्हा मडम बैराग्याला घेऊन गेली. तुम्ही दोघं, तू आणि गणपत, बरोबर होतात. बैरागी पहिला आला. तू परत आल्यावर मी विचारलं, तुला काय म्हणाले? तू म्हणालास, मला कोण काय म्हणणार, मी कुत्रं धरून व्हतो. साहेबलोकांनी विचारलं ह्याची निगा कोण राखतं, तर गणपत पुढं झाला आणि मान लववून उभा राहिला. फोटो काढला त्यात मडम आहे, गणपत आहे, मधे बैरागी, आणि कडेला गळपट्टा धरलेला एक हात आहे, मनगटापर्यंत. तो तुझा. मी तो फोटो मडमच्या दिवाणखान्यात बघितला तेव्हा माझ्या अंगाची आग झाली. तू म्हणालास, "जाऊ दे गं. बैराग्याला ठावं हाय." दादा, तुझं हे जाऊ दे, हेच तुला घेऊन गेलं. मला तुझा रागही येतो. मेलेल्या माणसाचा राग येतो म्हणून मी जीभ चावते आणि तरी येतो.

ह्या श्रावणात आई गेली. निरोप आला तेव्हा तू बंगल्यावर होतास, आणि मी बेल्ह्यात आईच्या उशाशी. निघताना तू गणपतला तीनदा बजावलंस, हे तुझ्याच तोंडून ऐकलंय: "भिजू देऊ नगं. आन भिजलंच तर धुऊ नगं, दोन दिस शेगडीम्होरून हलवू नगं." आईचे तेरा दिवस तू इथं केलेस. पण मधेच ढग दाटले की उठून दाराशी जायचास. मी म्हणाले, आईचं सुतक आहे की कुत्र्याचं? ते बोलायला नको होतं मी. हे तुला सांगायचं राहिलं होतं.

तिकडं काय घडलं ते मला बंगल्यावरच्या माळ्यानं सांगितलं, तुझ्या दहाव्याला आला तेव्हा. हा माळी आधी पुण्याला साहेबलोकांकडं चाकरीला होता, त्याला त्यांची भाषा थोडी कळते. गणपतनं बैराग्याला मोकळं सोडलं, ते नदीकाठच्या चिखलात लोळून आलं. मडम दुसऱ्या दिवशी पाहुण्यांकडून परतणार होती. म्हणून ह्यानं मडमच्याच न्हाणीतला साबण घेतला, घसाघसा चोळून कुत्रं धुतलं, दोन घागरी पाणी ओतलं आणि तसंच ओलं कोठीत कोंडलं. वरून पुसून मडमपुढं उभं केलं. चार दिवसांत वास सुटला. आठ दिवसांत बैरागी अंगाला हात लावू देईना. दहाव्या दिवशी त्यानं गणपतच्या हाताचा लचका घेतला.

चौदाव्या दिवशी तू पोचलास, आईसाठी मुंडण केलेल्या डोक्यानं. बैरागी साखळीनिशी तुझ्याकडं धावलं. तू त्याच्या मानेखाली हात घातलास आणि तिथंच खाली बसलास. गणपतनं मडमला आधीच सांगून ठेवलं होतं की सुट्टी लवकर दिली नाही ह्या रागानं ह्यानं जाताना कुत्र्याला कसलं तरी तेल चोपडलं. मडमनं तुला विचारलं. तू म्हणालास, "मडमसाहेब, ह्याला साबण लागलाय आन सुकवलं न्हाई. मला म्हैनाभर द्या, मी नीट करतो." गणपतनं तिला काय सांगितलं, माहीत आहे दादा? त्यानं सांगितलं, हा म्हणतो मी केलं, आता माफी करा.

माळी तिथं उभा होता. त्याला कळलं. तो बोलला नाही.

मडमनं घोड्याचा चाबूक मागवला आणि गणपतच्या हातात दिला. पागेपुढच्या त्या लिदीच्या चिखलात त्यानं तुला मारलं. किती ते माळ्यानं सांगितलं, मी लिहिणार नाही. तू पडलास तेव्हा पाठ उघडी होती आणि जखमेत ती घाण भरली. तुला शेवटपर्यंत कळलं नाही की तू काय कबूल केलंस. तू समजलास की मडमला तुझं म्हणणं पटलं नाही. इथं येऊन म्हणालास, "काय न्हाई, खरचटलंय." मी हळद लावली, कढत पाण्यानं शेकलं. आठव्या दिवशी भाकरी चावताना म्हणालास, जबडा धरल्यासारखा वाटतोय. वैद्यानं दारातूनच बघितलं आणि म्हणाला, धनुर्वात.

पुढचे तीन दिवस मी लिहू शकत नाही. तुझी पाठ धनुष्यासारखी वाकायची आणि दाराची कडी वाजली तरी तुला कळ यायची, म्हणून मी दाराला घोंगडी बांधली होती. तोंड उघडत होतं तेव्हा शेवटचं जे बोललास ते कुत्र्याबद्दल. आईबद्दल नाही, माझ्याबद्दल नाही. मी तुला विचारणार होते की तुझ्यामागं मी कुणाकडं बघायचं. पण तोपर्यंत तुझे दात मिटले होते आणि नुसते डोळे बोलत होते. त्यांत मला माझ्या प्रश्नाचं उत्तर दिसलं नाही.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी दारात टांगा थांबला. गणपत उतरला. हाताला फडकं बांधलेलं होतं.

"तुळसाबाई," तो म्हणाला, "सखाराम गेल्याचं कळलं. लई वंगाळ झालं."

मी उंबऱ्यातच उभी राहिले.

"मडमनं बलीवलंय तुमाला. कुत्रं कुणाला जवळ येऊ देईना. दिवाळीनंतर पुण्याला मेळा हाय. तुमाला येतंय ते काम, मडमला ठावं हाय. केस तेवढं वाचवा."

"मी म्हनंन तसं करावं लागंल," मी म्हणाले. "तिथं तुमी न्हाई म्हनायचं न्हाई."

"मडमचाच हुकूम हाय. तुमी म्हनाल तसं."

मी आत गेले. मेंढ्या भादरायची आपली कातर घेतली आणि पटकुरात गुंडाळली. त्याच्याच टांग्यात, त्याच्याच शेजारी बसून गेले. आळं गाव मागं पडलं, येडगावापाशी नदी उतरलो.

मुक्काम माळ्याकडं केला. सकाळी मडम फेरफटक्याला गेली होती. बैरागी पागेशेजारी साखळीला होतं. दादा, मी ओळखलं नाही. जटा होत्या, जमिनीपर्यंत होत्या, पण वासानं डोळ्यांत पाणी आलं. मला बघून गुरगुरलं. मी तुझं जुनं मुंडासं बरोबर नेलं होतं, ते पुढं धरलं. त्यानं हुंगलं आणि माझ्या पायांवर डोकं टाकलं. मग मी बोटं आत घातली. पाठीवर आणि पोटाखाली मुळाशी एकही जट वेगळी राहिली नव्हती, सगळी लोकर जमून तिचा जाड, घट्ट बुरणूस झाला होता. त्याखाली कातडी लाल, ओली, आणि कानामागं किडे.

आता खरं सांगते, कारण तुझ्यापुढं खोटं बोलून उपयोग नाही. पाठ आणि पोट गेलं होतं. पण मान, छाती, पाय, शेपूट वाचलं असतं. तू चाळीस दिवस बसून वाचवलं असतंस. मीही वाचवलं असतं. माझ्या बोटांना ते येत होतं. मी गणपतला म्हणाले, "याला गच धरा. सोडाल तर ह्यो दुसरा हात बी घील."

त्यानं धरलं. मी पटकुरातून कातर काढली आणि मानेपासून सुरुवात केली. चांगल्या भागापासून.

"अवो! अवो बाई, काय करताय!"

"मी म्हनंन तसं करायचं ठरलंय. धरा."

त्याला सोडता येईना. सोडलं असतं तर बैराग्यानं त्याला फाडला असता, आणि धरलं तर मडमच्या कुत्र्याच्या जटा त्याच्या हातांत उतरत होत्या. तो घामानं निथळला. माळ्याला हाका मारायला लागला. माळी पाण्याची झारी घेऊन उभा राहिला आणि जागचा हलला नाही. मी सावकाश कातरत होते. सहा वर्षं तू एकेक करून गालाला लावलेली जट माझ्या मांडीवर पडत होती, आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, बस, आता थांबावं. आणि मी गणपतच्या तोंडाकडं बघायची आणि पुढची धरायची. दोन तास लागले. तुझं सगळं काम त्या पागेपुढच्या जमिनीवर पडलं होतं, आणि त्यात एक बारीकसं, उघडं, जखमांचं कुत्रं उभं होतं. त्याला पहिल्यांदाच नीट दिसत होतं. ते सगळ्यांच्या तोंडांकडं बघत होतं.

मडम आली. टांग्यातून उतरताना तिनं कुत्रं बघितलं. मग किंचाळली. गणपत तिच्यापुढं हात जोडून भराभर बोलायला लागला. मी पाठीवरच्या बुरणुसाचा एक तुकडा उचलला, बादलीत बुडवला आणि दोन्ही हातांनी चोळला. फेस आला. पांढरा, बादलीभर. तिच्या न्हाणीतल्या साबणाचा वास सगळ्या अंगणात पसरला. बादली उचलून मी तिच्या पायांपाशी ठेवली.

तिनं वाकून वास घेतला. मग मान वर करून गणपतकडं बघितलं. त्याचं बोलणं थांबलं.

तिनं चाबूक मागवला, दादा. तोच. आणि माझ्यापुढं धरला आणि गणपतकडं बोट केलं. "मारो," म्हणाली. तेवढं तिला येत होतं.

मी मारलं नाही. तू म्हणशील, बरं केलंस. मला त्याची दया आली म्हणून नव्हे. चार फटके खाऊन तो सुटला असता, आणि ती त्याच्यावर सगळं ढकलून सुटली असती. मी गणपतला म्हणाले, "तिला माझं बोलणं सांग. जसंच्या तसं. ह्यो माळी ऐकतोय."

माळी पुढं आला. "एक शब्द चुकलास तर मी सांगीन," तो म्हणाला. उशिरा का होईना, तोंड उघडलं त्यानं.

"सांग, माझ्या भावानं काय बी कबूल केलं नव्हतं. त्यो म्हनला व्हता, साबण लागलाय, सुकवलं न्हाई, म्हैनाभर द्या. त्ये तू बदललंस. सांग."

त्यानं सांगितलं. माळ्यानं मान हलवली.

"सांग, त्यो मेला. हितल्या चिखलात पाठ फुटली त्यानं मेला. सांग, चाबूक तुझ्या हातात व्हता, पर हुकूम तिचा व्हता. तिनं एकदा वाकून वास घेतला असता तर त्यो जिता असता. आज घेतला तसा."

गणपतनं सांगितलं. सगळं सांगितलं. त्याच्या आयुष्यातलं पहिलं खरं बोलणं असेल ते. मडमचा चेहरा कागदासारखा झाला. ती काहीतरी बोलली, गणपतनं तोंड उघडलं, आणि मी म्हणाले, "नगं सांगूस. मला ऐकायचं न्हाई." आणि निघाले. बैराग्याच्या जखमांना कडूनिंबाचा पाला कसा लावायचा तेवढं माळ्याला सांगितलं. तेवढंच तुझ्या सांगण्यातलं पाळलं.

आळ्याच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला बसून मी रडले. तू गेल्यावर पहिल्यांदा. तुला नदीवर नेताना रडले नव्हते. तुझा हात लागलेलं त्या बंगल्यात जे काही होतं, ते मी दोन तासांत संपवलं, आणि तू ते कधीच मागितलं नव्हतंस. तुला ते आवडलं नसतं. तू माझ्याकडं बघून मान फिरवली असतीस. हे सगळं मला माहीत आहे आणि तरी सांगते, पुन्हा वेळ आली तर पुन्हा कातरीन, आणि पुन्हा मानेपासूनच सुरुवात करीन.

गणपतला त्याच दिवशी काढलं. तो आंबेगावकडं सासुरवाडीला जाऊन राहिलाय म्हणतात. माळ्यानं सगळ्या जुन्नरात सांगितल्यामुळं त्याला तिथंही कुणी दारात उभं करत नाही. मला ते ऐकून बरं वाटलं. जेवण गोड लागलं त्या दिवशी. मडम पुण्याच्या मेळ्याला गेली नाही, पाहुणेही येत नाहीत. बैराग्याच्या जखमा भरल्या. ते आता डोंगरावर सशांच्या मागं पळतं आणि उन्हात पोट वर करून लोळतं, असं माळी म्हणाला. आपल्या त्या भांडणात माझं म्हणणं खरं होतं असं मला त्यातून वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तू समोर नसताना जिंकून काय करू?

काल माळी पुन्हा आला होता. मडमचा निरोप घेऊन. कुत्र्याचे केस बोटभर वाढलेत, गुंतायला लागलेत. तिचं म्हणणं, तुळसाबाईनं येऊन राहावं, हाताखाली एक माणूस घेऊन त्याला शिकवावं. तिला तसंच कुत्रं पुन्हा हवं आहे. वर म्हणाली म्हणे, सखारामच्या आठवणीसाठी.

"सांग तिला," मी म्हणाले, "त्ये काम एकालाच येत व्हतं. त्यो गेला."

माळ्यानं माझ्या हातांकडं बघितलं. दोन तास ते कसे चालले होते हे त्यानं बघितलं होतं, आणि खोटं त्याला कळलं. पण ह्या वेळी तो गप्प राहिला ते मला हवंच होतं.

मी कुणाला शिकवणार नाही, दादा. ही बोटं माझ्याबरोबर जाळतील तेव्हा ते कामही जळेल. तू असतास तर गेला असतास, हे मला पक्कं ठाऊक आहे. चाबकाचे वळ अंगावर घेऊन गेला असतास आणि बाजेपाशी बसून तिच्या कुत्र्याला वारा घातला असतास. पण तू नाहीस. का नाहीस ते त्या बाईला रोज सकाळी उठून दिसलं पाहिजे. केस वाढतील तसे भादरावे लागू देत, आणि ते कुत्रं तिच्या अंगणात तसंच उघड्या अंगानं फिरू दे.